कृपया फ्रँकिंग मशीन वापरू नये

३ ऑगस्ट १९९८, सोमवार. सकाळी ६.३०

ठरलं. आजपासून रोजनिशी. मोठ्या शास्त्रज्ञांच्या रोजनिश्या पुढे म्युझियममध्ये ठेवतात. अर्थात ही कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. पण वाचलीच तर अक्षर लागावं म्हणून शाईचं पेन घेतलंय.

निमित्त मोठं आहे. बायोफिजिक्समध्ये प्रोफेसरची एक जागा निघाली. एकच. इंटरव्ह्यू डिसेंबरात. मी तेरा वर्षं रीडर, म्हणजे प्रोफेसरच्या एक पायरी खाली, वय बावन्न. पुढची जागा निघेपर्यंत मी रिटायर झालेला असेन. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. उमेदवार दोघे, मी आणि ढिल्लों. ढिल्लों माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आणि त्याचे पेपर माझ्यापेक्षा नऊने कमी. माझे एकतीस. सगळे एकाच प्रश्नावर: कांद्याच्या पापुद्र्यातून वीज कशी जाते. याला निष्ठा म्हणतात.

सांगलीला नंदकुमारदादाला पत्र टाकलं. प्रोफेसरकी जवळपास नक्की, असं लिहिलं. ‘जवळपास’ जरा बारीक अक्षरात.

५ ऑगस्ट, बुधवार

फॉर्म आणला. त्यात नवीन रकाना: ‘सायटेशन्स (स्वतःची वगळून)’. म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत माझ्या पेपराचा उल्लेख किती वेळा केला तो आकडा. मी माझाच केलेला उल्लेख धरायचा नाही. का? माझं काम माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला समजलंय? हा नियम कोणी काढला त्याचे स्वतःचे किती पेपर आहेत ते बघायला हवं.

उद्या लायब्ररी. सायटेशन इंडेक्सचे सगळे खंड काढायचे. आकडा मोठा निघणार, म्हणून कोरे कागद जास्त घेतलेत.

६ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी ५

डोळे गेले. त्या खंडांत अक्षर मुंगीएवढं. बॉटनीतून भिंग मागून आणलं.

एकूण सायटेशन्स सव्वीस. उत्तम.

स्वतःची वगळून पाच.

त्यातली तीन सुबोधची. सुबोध माझा पहिला पीएच.डी.चा विद्यार्थी. त्याने उल्लेख केला नसता तर मी थीसिसवर सही केली नसती, हे खरं, पण कायद्याने तो वेगळा माणूस आहे. चौथं ब्राझीलचं. त्यांनी लिहिलंय की आम्ही हाच प्रयोग केला आणि असं काही आढळलं नाही. ब्राझीलचा कांदा वेगळा असणार. पाचवं खुद्द ढिल्लोंचं. त्याने मला एका कंसात बारा जणांबरोबर कोंबलंय.

ढिल्लोंची किती असतील, असा विचार मनात आला. मी विचारलं नव्हतं. लायब्ररियन मॅडम आपणहून म्हणाल्या, ढिल्लों साहब तो कल ही गिन के गए जी, दो सौ चौदह.

कोरे कागद परत आणले.

९ ऑगस्ट, रविवार

आज काहीच केलं नाही. चिंतन.

दुपारी श्यामसुंदर आला. इथे चंडीगढलाच सेक्टर तीसच्या लॅबमध्ये यंत्रं बनवतो, मूळचा नागपूरचा, त्यामुळे बोलतो फार. त्याला आकडा सांगितला नाही, फक्त सायटेशन ही मोजपट्टीच चुकीची आहे, एवढं पाऊण तास समजावलं. तो म्हणाला, मग लोक तुझे पेपर वाचतात हे दाखव ना यार दुसऱ्या कशाने तरी.

एकदम आठवलं. कार्डं!

पेपर छापून आला की मासिकवाले त्याच्या सुट्या प्रती देतात. परदेशातल्या कोणाला प्रत हवी असली की तो छापील कार्ड पाठवून मागतो, आपण ती पोस्टाने पाठवतो. अशी आलेली सगळी कार्डं मी बुटाच्या खोक्यात ठेवली आहेत. माळ्यावर चढलो. ही खालून ओरडत होती की स्टूल डुगडुगतंय. प्रगतीच्या वाटेवर स्टूल डुगडुगतंच.

अठ्ठावन्न कार्डं! आणि त्यातली एक्केचाळीस एकाच माणसाची: डॉ. फेरेन्स होलोशी, हंगेरी. अकरा वर्षं सतत. एक पेपर सोडला नाही पठ्ठ्याने. १९९१ चा पेपर तर तीनदा मागवलाय. म्हणजे वाचून वाचून फाटला असणार.

प्रत्येक कार्डाखाली स्वतःच्या हाताने इंग्रजीत एक ओळ: ‘कृपया फ्रँकिंग मशीन वापरू नये.’ युनिव्हर्सिटीच्या डिस्पॅच सेक्शनमध्ये तिकिटांऐवजी लाल शिक्का मारणारं मशीन आहे, त्याबद्दल. युरोपियन लोक किती बारीक विचार करतात. मशीनच्या दाबाने आतल्या ग्राफच्या रेघा पुसट होत असतील.

म्हणूनच त्याची पाकिटं इतकी वर्षं रत्नप्रभा सेक्टर सतराच्या जीपीओत जाऊन टाकते. हिचे वडील चिपळूणला पोस्टमास्तर होते, त्यामुळे पोस्टात गेलं की हिला माहेरी गेल्यासारखं वाटतं. अर्धा अर्धा तास लावते. मी कधी तक्रार केली नाही. बायकांना एखादा विरंगुळा हवा.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

फॉर्म भरला. तीन रेफरींची, म्हणजे आपल्या कामाबद्दल कमिटीला लिहिणाऱ्यांची, नावं हवीत, पैकी एक परदेशी. ढिल्लोंने म्हणे अमेरिकेतला कोणी तरी बडा माणूस दिलाय. मी होलोशी दिला. अकरा वर्षांचा माझा वाचक! अमेरिकेतल्या त्या माणसाने ढिल्लोंचा एक तरी पेपर तीनदा वाचलाय का?

ही म्हणाली, अहो, त्या होलोशींशी तुमचं कधी कामाबद्दल काही बोलणं झालंय का? मला वाटतं ते... मी मध्येच थांबवलं. शास्त्रज्ञ गप्पा मारत नाहीत, अगं. काम बोलतं. पुन्हा काही तरी सांगायला लागली होती, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

१७ ऑगस्ट, सोमवार

होलोशीला पत्र. चार पानं. शेवटी विनंती, की माझ्या कामाच्या प्रभावाबद्दल कमिटीला मोकळेपणाने लिहावं. सरकारी काम आहे म्हणून डिस्पॅच सेक्शनकडून पाठवलं. पत्रात ग्राफ नसल्यामुळे मशीनने बिघडण्यासारखं काही नाही.

संकल्प: इंटरव्ह्यूपर्यंत बत्तिसावा पेपर पूर्ण. रोज दोन तास लॅब. टीव्ही बंद.

२६ ऑगस्ट, बुधवार

काल महाराष्ट्र मंडळात गणपती बसले. आरतीनंतर चार लोकांना होलोशीबद्दल सांगितलं. सगळे खूश. जोशीकाकू म्हणाल्या, म्हणजे तुम्ही आता हंगेरीला जाणार का? मी नुसता हसलो. प्रसाद घेतला.

टीव्ही चालू. हा आठवडा धरायचा नाही, गणपती आहेत.

२८ सप्टेंबर, सोमवार

होलोशीचं उत्तर नाही. सहा आठवडे झाले. शब्द न् शब्द तोलून लिहीत असेल.

५ ऑक्टोबर, सोमवार

अजून नाही. जरा काळजी वाटते. ही म्हणाली, पत्राची कॉपी द्या, मी पाठवते. दिली. जीपीओत दीड तास लावला! विचारलं तर म्हणते, काउंटरवरच्या मॅडमना छान सेट शोधायला लावला, आणि शिक्का कोपऱ्यात नीट उमटवायला सांगितलं. कसला सेट ते विचारलं नाही. माझ्या डोक्यावर केवढं टेन्शन आहे आणि घरात शिक्क्याच्या गोष्टी.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

बत्तिसाव्या पेपरपुढे राष्ट्रीय संकट. कांदा किलोला पन्नास रुपयांच्या वर गेलाय. पेपरात रोज कांदा पहिल्या पानावर. इतकी वर्षं मी सांगत होतो की कांदा हा महत्त्वाचा विषय आहे.

लॅबमध्ये आठ किलो कांदा होता, प्रयोगासाठी. आज साडेतीन निघाला. अटेंडंट करनैल सिंगला विचारलं. तो म्हणाला, साबजी, चूहे. मी म्हटलं, उंदीर टरफलं डस्टबिनमध्ये टाकतात का? तो म्हणाला, चंडीगढ के चूहे हैं जी, सफाईपसंद.

यापुढे कांदा कुलपात.

१८ ऑक्टोबर, रविवार

उद्या लक्ष्मीपूजन. घरात फराळ आहे पण कांदा नाही. हिने माझ्यापुढे बिनकांद्याचे पोहे ठेवले.

लॅब उघडून कंट्रोल ग्रुप घरी आणला. दीड किलो. प्रयोगाला तसाही एवढ्या कंट्रोलची गरज नव्हती.

२६ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी २

आलं! हंगेरीचं पत्र आलं!! हिने टाकल्यापासून एकवीस दिवसांत.

लिहितो: तुमच्याबद्दल कमिटीला लिहिताना मला फार आनंद होईल, जे आहे ते प्रामाणिकपणे लिहीन. आणि खाली ताजा कलम: ‘या वेळच्या औषधी वनस्पती अप्रतिम. तुळस तर विशेषच. या मालिकेत पुढे आणखी काही येणार आहे का?’

मी ताजा कलम चार वेळा वाचला. मी तर वनस्पतींबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं! मग उलगडलं. माझ्या कांद्याच्या कामातून त्याने पुढची दिशा ताडली. पापुद्रा कांद्याचा, मग तुळशीचा का नाही? तो माझ्या पुढच्या पेपराची वाट बघतोय आणि मला अजून सुचलाही नव्हता. याला म्हणतात रेफरी.

हिला पत्र वाचून दाखवलं. ताजा कलम गाळला, टेक्निकल होता. जाईने विचारलं, पापा, जॉब पक्का क्या? ही पोरगी चंडीगढला वाढली, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. म्हटलं, पक्का.

नंदकुमारदादाला दुसरं पत्र. या वेळी ‘जवळपास’ लिहिलं नाही.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

तुळस प्रकल्प सुरू. सकाळी ही अंघोळीला गेल्यावर कुंडीतली पानं घेतली. लागतील तेवढीच. म्हणजे जवळजवळ सगळीच.

तुळशीच्या पानाचा पापुद्रा सुटतच नाही. ब्लेडने बोट कापलं.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

आपल्याला सण लक्षात राहत नाहीत हा मोठा दोष. तुळशीचं लग्न परवावर आलंय.

हिने कुंडी बघितली. मी हंगेरीचं सांगायला गेलो. म्हणाली, हंगेरीला लावा आता मंडप.

१ नोव्हेंबर, रविवार

लग्न लागलं. मंडळातल्या बायका आल्या होत्या. ऊस, बोरं, आवळे, मंगलाष्टकं, आणि मधे काड्या. हिने काड्यांना हिरवं ब्लाऊजपीस नेसवलं. जोशीकाकूंनी अक्षता टाकताना माझ्या बोटाच्या पट्टीकडे बघितलं.

तुळस प्रकल्प तात्पुरता स्थगित.

२३ नोव्हेंबर, सोमवार

दादाचं पत्र. सांगलीत पेढे वाटले. सोसायटीच्या बोर्डावर अभिनंदन लिहिलंय. माझं नाव, पुढे प्रोफेसर, आणि खाली पाणी येण्याची वेळ.

पत्र हिच्या नजरेला पडू नये म्हणून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. कोट तसाही थंडीसाठी काढलेलाच होता.

१४ डिसेंबर, सोमवार. सकाळी ९

उद्या इंटरव्ह्यू. सूट प्रेसला. बत्तिसावा पेपर: शीर्षक तयार. बाकीचं बोलून भागेल.

ढिल्लों कॉरिडॉरमध्ये भेटला. म्हणाला, सर, आप से ही तो सीखा है, आप का होगा तो मुझे भी खुशी. गोड बोलतो. आत्मविश्वास गेला की माणूस असंच बोलायला लागतो.

१५ डिसेंबर, मंगळवार. दुपारी ३

लिहू की नको असं झालंय. पण लिहितो.

कमिटीत पाच जण. सुरुवात चांगली झाली. सायटेशन पाच का, असं विचारल्यावर मी म्हटलं, उल्लेख करणारे अनेक असतात, वाचणारे थोडे. आणि खोकं उघडून एक्केचाळीस कार्डं टेबलावर मांडली. चेअरमननी एक उचललं, खालची ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग म्हणाले, रेफरीचं पत्र उमेदवाराला दाखवायची पद्धत नाही, पण डॉक्टरसाब, हे तुम्ही ऐकावं असं मला वाटतं.

वाचलं. मला पाठच झालंय.

होलोशी लिहितो की मी अकरा वर्षं या शास्त्रज्ञाची पाकिटं ओळखतो. भारतातून इतकी सुंदर पाकिटं दुसरं कोणी पाठवत नाही. प्रत्येक वेळी पूर्ण सेट, एकाही तिकिटाचा दात तुटलेला नाही, शिक्का नेमका कोपऱ्यात. पक्षी, रेल्वेची इंजिनं आणि आता औषधी वनस्पती. त्यांच्या जोरावर आमच्या गावच्या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात मला दुसरं बक्षीस मिळालं. एकदाच, ऑगस्टमध्ये, मशीनचा शिक्का मारलेलं पाकीट आलं. ते मी उघडलं नाही याबद्दल क्षमस्व. संशोधनाबद्दल बोलायचं तर त्यांचा पहिला पेपर मी १९८७ साली वाचला होता. १९९० साली मी रिटायर झालो. त्यानंतरचे सगळे पेपर जपून ठेवले आहेत, पाकिटाला त्यांनी चांगला ताठपणा येतो.

कोणी तरी हसलं. मग सगळेच हसले. वाईट मनाने नाही, तेच जास्त लागलं. एका मेंबरने विचारलं, जी, ये टिकटें लगाता कौन है? मी म्हटलं, मिसेस. चेअरमन म्हणाले, वंडरफुल वर्क.

कार्डं गोळा करून खोक्यात भरली. एक कार्ड टेबलाखाली गेलं, ते वाकून काढावं लागलं.

लाज वाटली. अकरा वर्षं मला एक वाचक आहे असं वाटत होतं, त्या एका माणसासाठी मी लिहीत होतो. तो पाकिटावरची तिकिटं भिंगातून बघत होता.

१८ डिसेंबर, शुक्रवार

ढिल्लों प्रोफेसर. घरी पिन्नीचा, म्हणजे इकडच्या कणकेच्या लाडवांचा, डबा घेऊन आला. पायाला हात लावला. मी म्हटलं, जीते रहो. पिन्न्या चांगल्या होत्या. चार खाल्ल्या.

हिला आज सगळं सांगितलं. तीन दिवस पोटदुखी म्हणून निभावलं होतं. ही म्हणाली, ते तिकिटं जमवतात हे मला दुसऱ्या कार्डालाच कळलं होतं. पोस्टमास्तरची मुलगी मी. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, चार वेळा सांगायला घेतलं. एकदा कुकर, बाकी तीनदा तुम्ही.

मग म्हणाली, आणि तुम्ही कार्ड आलं की किती खूश व्हायचात. जेवताना दोनदा भात घ्यायचात. म्हटलं, येऊ देत कार्डं.

सांगलीला पत्र टाकायचं आहे. बोर्ड पुसायला सांगायचं आहे. उद्या.

२ जानेवारी १९९९, शनिवार

नवीन वर्षाचे संकल्प: काही नाही.

सांगलीचं पत्र: उद्या.

२० जानेवारी, बुधवार

धुकं. हंगेरीहून जाडजूड पाकीट. मी उघडायला गेलो तर जाई म्हणाली, पापा, नाम तो पढ़ो. पाकीट ‘श्रीमती रत्नप्रभा’ यांना होतं. पाठवणाऱ्याच्या जागी ही पाकिटामागे स्वतःचं नाव घालते, हे मला आजच कळलं.

आत त्या प्रदर्शनाचं छापील पुस्तक. गुळगुळीत कागद. पान बेचाळीसवर आमच्या पाकिटाचा रंगीत फोटो, माझं चार पानी पत्र घेऊन गेलेलं ते, वर चार वनस्पती. खाली इंग्रजीत: या संग्रहाचं श्रेय भारतातल्या श्रीमती रत्नप्रभा यांच्या दृष्टीला आणि हाताला.

जाईने मोठ्याने वाचलं. म्हणाली, मम्मी, आप तो इंटरनॅशनल हो गए. हिने पदराने पान पुसलं, पुसायला तिथे काही नव्हतं. मग चष्मा लावून स्वतः वाचलं, बोट ठेवून, दोनदा. वडील असते तर, एवढंच म्हणाली.

सवयीने मोजलं. रत्नप्रभा: सायटेशन एक. स्वतःचं: शून्य.

२४ जानेवारी, रविवार

काल होलोशीचं कार्ड आलं. बेचाळिसावं. हेही हिच्याच नावावर. खालची ओळ तीच.

हिला नवा सेट पाठवायचा आहे, जीपीओतल्या मॅडमनी मागे ठेवलाय. सगळी तिकिटं लावायची तर टपालखर्च तेवढा यायला हवा, आणि त्यासाठी पाकिटात वजन हवं. माझे जुने पेपर आठ पानांचे, हलके पडतात. शिवाय सगळे त्याला पाठवून झालेत. म्हणून ही सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, अहो, तुमचा तो बत्तिसावा लिहा ना आता. निदान चौदा पानं तरी हवीत.

विचारलं, विषय काय घेऊ?

म्हणाली, काहीही. पण ग्राफ घाला चांगले तीन-चार. आर्ट पेपर जड असतो.

बसलोय लिहायला. पहिलं पान झालं.